घड्याळ नेमकं कुणाच्या वेळेचं?

सातपूरच्या एमआयडीसीत माणूस वेळ सांगतो ती पाळीत: पहिली, दुसरी, रात्रपाळी. त्यामुळे संपादकांनी मुंबईच्या राजाबाई टॉवरवर लिहायला सांगितलं, तेव्हा उंची आणि नक्षीच्या आधी मनात आलं ते हे, की त्या घड्याळातली वेळ ठरवली कुणी?

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. कापसाच्या तेजीत गब्बर झालेले प्रेमचंद रायचंद यांनी आई राजाबाई यांच्या नावासाठी दोन लाख रुपये दिले. आराखडा विलायतेत बसून सर गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. १८६९ मध्ये पाया घातला, १८७८ मध्ये २८० फुटी मनोरा पुरा झाला. अंध आईला सूर्यास्तापूर्वी जेवायची वेळ कळावी म्हणून हे टोल, अशी गोष्ट सांगतात. गोड आहे, पण १८६५ च्या शेअर-पडझडीत खुद्द प्रेमचंद बुडाले आणि तरी मनोरा झालाच, हे मला जास्त अजब वाटतं.

मी रेंगाळलो ते सहायक अभियंता मुकुंद रामचंद्र यांच्यापाशी. या इंग्रजी गॉथिक मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. त्यांचे नमुने या मराठी माणसाने घडवले. खाली लंड अँड ब्लॉकली कंपनीचं लंडनी घड्याळ, वर आपल्याकडच्या पगड्या!

आता ती वेळ. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ लादली, मुंबईपेक्षा अर्धा तास पुढची. घड्याळ मद्रास वेळ दाखवणार असेल तरच त्याच्या दिव्यांचा खर्च देऊ, असं सरकार मुंबई विद्यापीठाला म्हणालं, कारण मनोरा त्याच्याच आवारात. १८८३ मध्ये विद्यापीठाच्या सिनेटने मुंबईची वेळ निवडली. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. म्हणजे गिरणी कामगाराने सूर्याच्या हिशेबाने तेवढं आधी उठायचं. जेकब ससून मिलमध्ये दंगा उसळला. सातपूरच्या पहिल्या पाळीवाल्याला त्यांचा राग समजावून सांगायला नको.

एके काळी या मनोऱ्यातून १६ निरनिराळ्या चाली वाजत, ‘रूल ब्रिटानिया’सुद्धा. आता दर पाव तासाला तीच ती धून. वर जायचा जिना आत्महत्यांमुळे केव्हाच बंद झाला. २०१३ ते २०१५ मध्ये टीसीएसच्या पैशातून डागडुजी झाली, रंगीत काचा उजळल्या. पण मुकुंद रामचंद्रांचे पुतळे अजूनही रस्त्यावरून मान वर करूनच पाहायचे, आणि तिथून कोण कोणत्या पगडीतला ते काही ओळखू येत नाही.