पुसलेल्या ध्वनिमुद्रणांचा शोध

१

बोलींच्या अभ्यासकाजवळ एके काळी वही आणि पेन्सिल एवढीच साधने असत. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ठाणे जिल्ह्यातील कोळी व किरिस्तांव या बोलींचे नमुने आहेत, ते अर्थातच लेखी. आज क्षेत्रकार्यास निघालेला विद्यार्थी खिशातील स्मार्टफोनवर निवेदकाचा प्रत्यक्ष आवाज टिपून आणतो. साधन सुलभ झाले, परंतु त्याबरोबर एक नवे भयही आले. वहीचे पान फाटले तर त्याचे तुकडे तरी हाती राहतात. फोनवरील ध्वनिमुद्रण बोटाच्या एका स्पर्शाने नाहीसे होते. या नाहीसे होण्याचे नेमके स्वरूप काय आणि गेलेले ध्वनिमुद्रण कोणत्या परिस्थितीत परत मिळू शकते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पू या. मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, उत्तनच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या मुखाजवळ चौक हे मच्छीमारांचे गाव आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेला धारावीचा किल्ला येथलाच. खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. कोळी समाज, ख्रिस्ती परंपरा आणि पोर्तुगीज अमलाचा दीर्घ सहवास यांमुळे या किनाऱ्याची बोली अभ्यासकास विशेष मोलाची वाटते. समजा, एका संशोधक विद्यार्थ्याने येथील एका वृद्ध मच्छीमाराचे चाळीस मिनिटांचे निवेदन फोनवर मुद्रित केले. त्यात उधाण व भांग यांची गणना आहे, डोल जाळ्याच्या भागांची नावे आहेत, आणि आता तरुणांच्या तोंडी नसलेली काही क्रियारूपे आहेत. सायंकाळी 'जागा अपुरी आहे' अशी सूचना फोनवर आली. विद्यार्थ्याने जुन्या चित्रफिती काढून टाकल्या आणि त्यांच्यासमवेत ते मुद्रणही गेले. चूक ध्यानी आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. निवेदकाकडे पुन्हा जाता येईल. परंतु तेच निवेदन, त्याच ओघात, पुन्हा मिळेल याची शाश्वती नाही.

२

या प्रश्नाचा उलगडा करण्यापूर्वी एका शब्दाचा विचार केला पाहिजे. फोनच्या पडद्यावर 'डिलीट', 'हटवा' किंवा 'काढून टाका' असा एकच शब्द दिसतो. परंतु त्या एका शब्दाखाली तीन भिन्न क्रिया वावरत असतात. पहिली क्रिया वस्तू बाजूला ठेवण्याची. दुसरी, वस्तूची सूचीतील नोंद खोडण्याची. तिसरी, वस्तूच प्रत्यक्ष पुसण्याची. ग्रंथालयाच्या व्यवहारात बोलावयाचे तर पुस्तक मांडणीवरून काढून मागील खोलीत ठेवणे, त्याचे तालिकापत्र फाडून टाकणे आणि पुस्तकच लगद्यासाठी देणे, या त्या तीन क्रिया होत. वाचकाला तिन्ही प्रसंगी 'पुस्तक नाही' एवढेच उत्तर मिळते. शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या तीन प्रसंगांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणून आपल्या बाबतीत यांपैकी कोणती क्रिया घडली आहे, हे ठरविणे ही पहिली पायरी होय.

३

सुदैवाने, अलीकडील फोनवर पुष्कळदा केवळ पहिलीच क्रिया घडलेली असते. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून चित्रे, चित्रफिती व ध्वनिमुद्रणे यांच्यासाठी प्रणालीतच कचरापेटीची सोय करण्यात आली आहे. या सोयीचा उपयोग करणाऱ्या ॲपमधून फाइल काढली असता ती जागची हलत नाही. तिच्या नावाआधी एक बिंदू, 'ट्रॅश्ड' हा शब्द आणि तिची मुदत दर्शविणारी संख्या जोडली जाते. ही संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद होत. मुदत सामान्यतः ३० दिवसांची असते. नावाच्या आरंभी बिंदू आल्यामुळे फाइल 'लपलेली' ठरते आणि नेहमीच्या यादीत दिसत नाही. फाइल-व्यवस्थापक ॲपमध्ये लपलेल्या फाइली दाखविण्याचा पर्याय निवडला, तर अशी फाइल पुष्कळदा मूळ जागीच सापडते.

याशिवाय निरनिराळ्या ॲपांच्या स्वतंत्र कचरापेट्या असतात. गूगलच्या फाइल्स या ॲपमध्ये व गूगल ड्राइव्हवर टाकलेली वस्तू ३० दिवस राहते. गूगल फोटोजमध्ये प्रत घेतलेली चित्रे व चित्रफिती ६० दिवस राहतात. सॅमसंगच्या ध्वनिमुद्रण ॲपलाही स्वतःची कचरापेटी आहे. तेव्हा ज्या ॲपमधून फाइल काढली त्याच ॲपमध्ये प्रथम पाहणे इष्ट. गॅलरीतून काढलेली वस्तू ध्वनिमुद्रण ॲपच्या पेटीत शोधली तर ती न सापडणे स्वाभाविक आहे.

दुसरे असे की, जी फाइल गेली असे वाटते तिची प्रत अन्यत्र असू शकते. ते मुद्रण मार्गदर्शकांना व्हॉट्सॲपवर पाठविलेले असेल, तर व्हॉट्सॲपच्या माध्यम-संग्रहात 'सेंट' नावाच्या उपसंग्रहात पाठविलेल्या फाइलीची प्रत आढळण्याचा संभव असतो. आणि ज्यांना पाठविले त्यांच्या फोनवर तर ती असतेच, जर त्यांनी ती उतरवून घेतली असेल तर. कित्येकदा फाइल मुळीच गेलेली नसते. तिचे नाव बदललेले असते, ती अन्य संग्रहात हलविलेली असते, किंवा माध्यम-सूचीत तिची नोंद झालेली नसते. अशा वेळी नावाने शोधण्यापेक्षा तारीख व आकार यांच्या आधारे शोधणे अधिक फलदायी ठरते.

४

दुसऱ्या क्रियेचे खरे क्षेत्र म्हणजे फोनमध्ये घालावयाचे सुटे मेमरी कार्ड. अशा कार्डांवर बहुधा फॅट किंवा एक्सफॅट ही फाइल-रचना असते. फॅट रचनेत फाइल काढली असता तिच्या सूचीनोंदीचे केवळ पहिले अक्षर बदलून तेथे षोडशमान पद्धतीतील 'ई५' ही खूण घातली जाते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. आशय जागच्या जागी राहतो, आणि त्या जागेवर नवी फाइल लिहिली जाईपर्यंत टिकतो.

हा आशय परत मिळविण्याची एक रीत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित वाटेल. शीर्षक व अनुक्रमणिका हरवलेल्या हस्तलिखितांच्या ढिगातून प्रत्येक पोथीचा आरंभ तिच्या मंगलाचरणावरून ओळखावा, तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक जातीच्या फाइलीचे आरंभीचे बाइट ठरलेले असतात. वेव्ह जातीच्या ध्वनिफाइलीच्या प्रारंभी रोमन लिपीतील 'रिफ' ही चार अक्षरे असतात. जेपेग चित्राचा आरंभ षोडशमानातील 'एफएफ डी८ एफएफ' या बाइटांनी होतो. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा विनामूल्य प्रोग्रॅम कार्डाचा सर्व विस्तार अशा खुणांसाठी तपासतो आणि सापडलेले भाग फाइलींच्या रूपाने दुसरीकडे उतरवितो. नाव केवळ चित्रांचे असले तरी ध्वनिफाइलीही तो ओळखतो. मात्र मूळ नावे सामान्यतः परत मिळत नाहीत, आणि ज्या फाइलीचे तुकडे कार्डावर विखुरलेले असतील ती अर्धवट मिळते.

येथे फाइलीच्या जातीला महत्त्व येते. अनेक फोन ध्वनिमुद्रण एम्४ए या संक्षिप्त स्वरूपात करतात. त्या फाइलीत ध्वनीचा कोणता अंश कोठे आहे हे सांगणारा निर्देश पुष्कळदा शेवटी लिहिला जातो. तो निर्देश गमावला तर उरलेला आशय सहजासहजी ऐकता येत नाही. वेव्ह फाइलीत आरंभी लहानसा मथळा आणि नंतर सलग ध्वनी असतो. तिचा अर्धा भाग मिळाला तर अर्धे निवेदन ऐकू येते. ध्वनिविश्लेषणासाठी वेव्ह स्वरूप पसंत केले जाते, त्यास हे आणखी एक कारण जोडता येईल.

५

फोनच्या अंतर्गत साठ्यात मात्र दुसऱ्या क्रियेपाठोपाठ तिसरी क्रिया येते, आणि तीही लवकर. फ्लॅश स्मृतीत लिहिण्याचे व पुसण्याचे एकक भिन्न असते. लिहिणे पानापानाने होते. पुसणे अनेक पानांच्या संपूर्ण ठोकळ्याचेच होते. पुसण्यास वेळ लागतो, म्हणून कोणती पाने निरुपयोगी झाली हे प्रणाली स्मृतीच्या नियंत्रकास आधीच कळविते आणि नियंत्रक सवडीने ते ठोकळे मोकळे करतो. या कळविण्यास 'ट्रिम' म्हणतात. जुलै २०१३ मधील अँड्रॉइडच्या ४.३ या आवृत्तीपासून हे काम फोन स्वस्थ असताना आपोआप होऊ लागले. रात्री चार्जिंगला लावून ठेवलेला फोन त्यास विशेष अनुकूल असतो. एकदा ही सूचना गेली की त्या जागी पूर्वीचा आशय वाचावयास मिळण्याची आशा जवळजवळ संपते.

याहूनही भक्कम अडसर कूटलेखनाचा. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्ये फाइलवार कूटलेखनाची सोय आली, आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या नव्या फोनांना ती अनिवार्य झाली. फोनच्या साठ्यावर जे लिहिलेले असते ते कूटरूपात असते. ते उलगडण्याची चावी फोनच्या सुरक्षित यंत्रभागाशी व वापरणाराच्या संकेतांकाशी बांधलेली असते. शिवाय फाइलीच्या नोंदीतील माहितीही उलगडण्यास लागते. फाइल काढली की ती नोंद जाते. 'चावी' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. चौकसारख्या गावात त्याची आठवण होणे साहजिक आहे. पेटी हाती आहे, परंतु चावी हरवली, अशी ही अवस्था होय. स्मृतीची चकती फोनमधून काढून तिचे वाचन केले तरी हाती निरर्थक अंकांचीच रास लागते.

यावरून बाजारातील एका समजुतीची परीक्षा करता येते. 'गेलेले सर्व परत मिळवून देतो' असे सांगणारी अनेक ॲपे उपलब्ध आहेत. अंतर्गत साठ्याच्या मूळ स्तरापर्यंत सामान्य ॲपला प्रवेशच नसतो. त्यामुळे ती बहुधा चित्रांच्या लघुप्रतिमा, तात्पुरत्या प्रती आणि लपलेल्या फाइली तेवढ्या दाखवितात. फोन तारेने संगणकास जोडला तरी तो आता चकतीप्रमाणे न दिसता माध्यम-हस्तांतरणाच्या मार्गाने दिसतो, म्हणून संगणकावरील शोधक प्रोग्रॅमलाही तेथे वाव नसतो. 'फोन रूट करा' असा सल्ला याहून घातक आहे. त्यासाठी फोनचे बूटलोडर उघडावे लागते, आणि ते उघडताना फोनवरील सर्व सामग्री पुसली जाते. गेलेली एक फाइल शोधताना राहिलेल्या सर्व फाइली गमावण्याचा तो मार्ग आहे.

६

वरील विवेचनावरून कृतीचा क्रम निश्चित होतो. चूक ध्यानी येताच फोनचा वापर थांबवावा. नवे चित्र, नवे मुद्रण, नवे ॲप काहीही त्यावर घेऊ नये. फोन चार्जिंगला लावून स्वस्थ ठेवू नये. ज्या ॲपने मुद्रण केले ते काढून पुन्हा घालू नये, कारण ॲप काढल्याबरोबर त्याचा खाजगी संग्रह नष्ट होतो. नंतर त्या ॲपची कचरापेटी, फाइल-व्यवस्थापकाची कचरापेटी, लपलेल्या फाइली, दूरस्थ साठा आणि ज्यांना फाइल पाठविली त्या व्यक्ती, या क्रमाने शोध घ्यावा. मुद्रण सुट्या कार्डावर असेल तर फोन बंद करून कार्ड काढावे, त्याची संपूर्ण प्रतिकृती संगणकावर घ्यावी आणि शोध त्या प्रतिकृतीवर करावा. मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर कधीही उतरवू नयेत. मात्र कार्ड फोनच्या अंतर्गत साठ्यात विलीन केलेले असेल, तर तेही कूटबद्ध असते आणि अन्यत्र वाचता येत नाही.

कल्पिलेल्या उदाहरणातील विद्यार्थ्याला हा क्रम लावून पाहावा. मुद्रण कचरापेटीत असेल तर ते पाच मिनिटांत परत मिळेल. सुट्या कार्डावर असेल तर मिळण्याचा चांगला संभव आहे. जागा मिळविण्याच्या घाईत त्याने कचरापेटीही रिकामी केली असेल, मुद्रण अंतर्गत साठ्यात असेल आणि फोन रात्रभर चार्जिंगला राहिला असेल, तर त्याने शोधात दिवस घालविण्याऐवजी निवेदकाकडे जाऊन घडले ते प्रांजळपणे सांगावे, हेच योग्य.

७

वेव्ह स्वरूपातील एकपदरी ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट या मानाने टिपला, तर मिनिटास सुमारे ५.३ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे चाळीस मिनिटांच्या निवेदनास २१२ मेगाबाइट पुरतात. एवढ्याशा आशयाची दुसरी प्रत गावातून निघण्यापूर्वीच करणे आणि तिसरी विभागाच्या संग्रहात ठेवणे अवघड नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे आज सर्वांना ऐकता येतात, ती मुद्रणाइतकीच जतनाचीही व्यवस्था झाल्यामुळे.

या विषयाला एक दुसरी बाजू आहे, तीही विसरता कामा नये. उद्या त्याच निवेदकाने 'माझे बोलणे काढून टाका' असे सांगितले, तर फोनवरील एका स्पर्शाने ते वचन पाळले गेले असे होत नाही. कचरापेटी, पाठविलेल्या प्रती, दूरस्थ साठा, सुटे कार्ड आणि विभागाचा संग्रह या प्रत्येक ठिकाणी ती कृती स्वतंत्रपणे करावी लागते. मराठीत 'पुसणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, विचारणे आणि नाहीसे करणे. क्षेत्रकार्य करणाराने दुसऱ्या अर्थी पुसण्यापूर्वी पहिल्या अर्थी पुसावे. आणि आवाज ज्याचा, त्याच्या उत्तराचा मान राखावा.