संगणकशास्त्राचे पदवीधर आणि एका पैशाचा फरक

बारावीचे निकाल लागले की आमच्या अनेक सभासदांच्या घरी मुलाला अथवा मुलीला संगणकशास्त्राकडे घालावे काय, हाच विचार सुरू होतो. चार वर्षांचे शुल्क व वसतिगृहाचा खर्च सोसून पदवी हाती येते, आणि मग मुलाखतीमागून मुलाखती देऊनही काम मिळत नाही. उलटपक्षी, पेढीच्या हिशेबासाठी संगणकाचा जाणता माणूस मिळत नाही, ही तक्रारही आम्ही त्याच घरांतून ऐकतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, अशी आमची समजूत आहे.

व्यापाऱ्याच्या नित्य परिचयाचे उदाहरण घेऊ. परराज्यातील गिऱ्हाइकाच्या बिलात तीन जिन्नस आहेत. प्रत्येकाची किंमत १० रुपये १० पैसे, कर ५ टक्के. एका जिनसावरील कर साडेपन्नास पैसे होतो. प्रत्येक ओळीला तो ५१ पैसे धरला तर बेरीज १५३ पैसे येते. तिन्हींची किंमत एकत्र करून कर काढला तर साडेएकशे एक्कावन्न, म्हणजे पूर्णांकात १५२ पैसे. फरक एका पैशाचा. परंतु बिल एका रीतीने व खतावणी दुसऱ्या रीतीने काढणारी आज्ञावली असेल, तर महिनाअखेर मेळ बसत नाही आणि मुनीमजी रात्र जागवतात.

यात आणखी एक खोच आहे. एक तृतीयांश हा अपूर्णांक आपण दशांशात लिहू लागलो तर तीनाचा आकडा संपतच नाही. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो, आणि त्या पद्धतीत एक दशांशाची तीच गत होते. म्हणून ०.१ व ०.२ यांची नेहमीच्या अपूर्णांकी रीतीने बेरीज केली असता ती बरोबर ०.३ भरत नाही, कणभर अधिक येते. यावर उपाय सोपा आहे: रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवावी.

आता मौज अशी की, द्विमान संख्यांचा हा धडा प्रत्येक विद्यार्थी पदवीच्या आरंभीच शिकतो, परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवतो. बिलात पैसा चुकला की मात्र तो धडा त्याला आठवत नाही. आम्ही यात विद्यार्थ्याचा दोष मानीत नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीतील चूक शोधण्याचे काम त्याला चार वर्षांत क्वचितच कोणी दिलेले असते. महाविद्यालयात तो छोटी, नवी आज्ञावली लिहितो आणि गुण पडले की ती टाकून देतो. नोकरीत मात्र दहा हातांनी लिहिलेली जुनी आज्ञावली वाचावी लागते, चालते तेवढी न बिघडवता सुधारावी लागते व प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी लागते. आपल्या पेढीवर नवा मुलगा येई तेव्हा त्याला पहिल्या दिवशी नवी वही मिळत नसे. जुनी किर्द व खतावणी ताडून पाहण्यातच त्याचे पहिले वर्ष जाई.

कित्येक उद्योजक म्हणतात की, बाजारात चालणारी भाषा तेवढी शिकवा. आम्हांस हे मान्य नाही. भाषा दहा वर्षांत बदलते, द्विमान गणित बदलत नाही. २०२२ च्या अखेरीपासून सामान्य आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. तेव्हा लिहिण्यापेक्षा तपासण्याची विद्या अधिक मोलाची ठरणार. उणीव आहे ती शिकलेले प्रत्यक्षात लावून पाहण्याच्या अवधीची.

तो अवधी देता येतो, हे पिलानीच्या बिर्ला संस्थेने दाखविले आहे. तेथे १९७३ पासून विद्यार्थी मधल्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने व शेवटच्या वर्षी सुमारे साडेपाच महिने उद्योगांत काम करतात, त्याचे रीतसर मूल्यमापन होते. आमच्या गोव्यातील सभासदांना या संस्थेचे झुआरीनगरचे केंद्र परिचित असेलच. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीचे श्रेयांक २२० वरून १६० वर आणले व उद्योगातील कामास जागा दिली. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पंधरा वर्षांच्या अनुभवी व्यावसायिकांस, पदवीची अट न घालता, अध्यापक नेमण्याची मोकळीक दिली. नियम झाले, परंतु विद्यार्थ्याला दारात घेणारी पेढी नसेल तर प्रत्यक्ष कामाच्या जागी केवळ प्रमाणपत्र उरते. अशी प्रमाणपत्रे काम न पाहता सहीनिशी देणारे व्यापारी आपल्यातही आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

१९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे, तेव्हा सीमाभागातील सभासदांना फार दूर जावयाचे नाही. एका विद्यार्थ्याला एक सत्र घ्यावे, एकच काम द्यावे: गतवर्षीची बिले व खतावणी यांतील पैशांचा फरक कोठून आला ते शोधून लेखी दाखविणे. आठवड्यातून एक तास मुनीमजींनी त्याच्याबरोबर बसावे. गिऱ्हाइकांची नावे, दूरध्वनी व कर-नोंदणी क्रमांक मात्र बिले हाती देण्यापूर्वी काढून टाकावेत. ते काम विद्यार्थ्यावर सोपवू नये.