पाण्याचा हिशेब : घरचा, दुकानाचा आणि मशिदीचा

एप्रिल 2016 मध्ये मिरज स्थानकातून लातूरला पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली व एका खेपेत सुमारे 25 लाख लिटर पाणी जाऊ लागले. पाणी कृष्णेचे. ते पोहोचविण्याच्या कामी मिरजेतील जुनी हैदरखान विहीरही उपयोगी पडली. दुसऱ्याची तहान भागविल्याचा मिरजकरांनी अभिमान बाळगावा तेवढा थोडाच. परंतु त्याच सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडी आणि शेजारच्या साताऱ्यातील माण व खटाव हे तालुके पिढ्यानपिढ्या दुष्काळी म्हणून ओळखले जातात, हे आपण कृष्णाकाठचे लोक सहज विसरतो. नदी दाराशी असली की पाण्याला किंमत राहत नाही.

व्यापारी माणूस फुकटच्या मालाचा हिशेब ठेवीत नाही, हे खरे दुखणे आहे. कराडला लागून असलेल्या मलकापूरने ते नेमके ओळखले. तेथे नळांना मीटर बसवून 24 तास पाणी देण्याची योजना राबविली गेली आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी आकारणी ठरविण्यात आली. 24 तास पाणी म्हणजे उधळपट्टीला मोकळे रान, असे वरवर पाहता वाटेल. प्रत्यक्षात उधळपट्टी होते ती पाणी ठराविक वेळी येते तेव्हा. घरोघरी पिंपे आणि हंडे भरून ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. एका रात्रीत पाणी शिळे होते ही समजूत कोणी काढली कोण जाणे! नळ केव्हाही उघडता येतो अशी खात्री पटली की साठवणेही थांबते आणि ओतणेही थांबते. उरलेले काम मीटर करतो. यासाठी कोणाला भाषण द्यावे लागत नाही.

आता आपल्या मशिदींकडे वळू. पैगंबर मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नदीवर बसून वुजू केला तरी इस्राफ नको, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपल्या वुजूखान्यातील नळ काय सांगतात? समजा, एका वुजूला नळ मिनिटभर सुरू राहिला आणि मिनिटाला 6 लिटर पाणी पडले. दिवसभरात 200 वुजू झाले तर 1,200 लिटर. तोच वुजू 2 लिटरमध्ये झाला तर 400. दररोज 800 लिटर, म्हणजे महिन्याला 24,000 लिटर पाणी वाचले. हे दोन मोठे टँकर झाले. शिवाय तेवढे पाणी टाकीत चढविण्याची वीज वेगळी. हा पैसा जमातच्या वर्गणीतला आहे, हे विश्वस्त मंडळींनी ध्यानात घ्यावे.

यावर उपाय म्हणून भिंतीवर ‘पाणी जपून वापरा’ असा फलक रंगविला जातो. फलक जुना होतो आणि नळ वाहतच राहतो. माणूस फलकापेक्षा शेजाऱ्याकडे पाहून वागतो. अमेरिकेतील एका हॉटेलात यावर प्रयोग झाला व तो 2008 साली प्रसिद्ध झाला. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, असे कार्ड ठेवले तेव्हा सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी ऐकले. येथे उतरणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असे लिहिले तेव्हा सुमारे 44 टक्क्यांनी. खर्च एका ओळीच्या शाईचा.

आपल्याच भागातील दाखला हवा असेल तर कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव घ्या. 2022 साली या गावाने सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे, असा निर्णय घेतला. विषय पाण्याचा नाही, पण वर्म तेच आहे. एकट्या घराने टीव्ही बंद केला तर मुले शेजारी जाऊन बसतात. साऱ्या गावाने केला तर जायचे कोठे?

म्हणून मशिदीत पहिले पाऊल इमामसाहेब आणि वडीलधाऱ्यांनी उचलावे. त्यांनी सर्वांदेखत बधना किंवा लोटा घेऊन वुजू केला तर तरुणांना वेगळे सांगावे लागणार नाही. नळच ठेवायचे असतील तर दाबून धरावे लागणारे, हात काढताच बंद होणारे नळ बसवावेत. आपल्या समाजात नळजोडणीची कामे करणारे कारागीर कमी नाहीत. हे काम अंगावर घेऊन चार ठिकाणी दाखविले तर त्यांचाही धंदा वाढेल. वुजूचे वापरलेले पाणी पुन्हा वुजूला चालत नाही, पण झाडांना घालण्यास हरकत नाही. त्यात सहसा साबणही नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी आवारातील रोपांकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळविण्यास थोडे पाईप आणि एका दिवसाची मजुरी एवढाच खर्च येतो.

दुकानदारांना दुसरा हिशेब सांगितला पाहिजे. राज्यात 2018 साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा पहिल्या गुन्ह्याला 5,000, दुसऱ्याला 10,000 आणि तिसऱ्याला 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद करण्यात आली. तरीही गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने पिशवी दिली जाते. खरे तर गल्ल्याजवळ पिशव्यांचा गठ्ठा लटकत असतो म्हणून गिऱ्हाईक ती मागते. तो गठ्ठा नजरेआड केला, माल बांधण्यापूर्वी “भाऊ, पिशवी आणली आहे का?” एवढे विचारले आणि शिंप्याकडील कतरणीच्या कापडी पिशव्या थोड्या किमतीत विकायला ठेवल्या तर निम्मे काम होते. पण हे एकाच दुकानाने करून भागणार नाही. रांगेतील सर्व दुकानांनी एकाच तारखेपासून करावे, म्हणजे गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाणार नाही.

घरात मात्र सत्ता गृहिणीची. भांडी नळाखाली न धुता परातीत धुणे, तांदळाचे धुवण कुंडीला घालणे, हे आपल्या आजी-नानींना कोणी शिकविले नव्हते. मुलांना बादली आणि घड्याळ देऊन घरचा नळ मिनिटाला किती लिटर पाणी देतो ते मोजायला सांगा. मशिदीच्या कमिटीनेही रमजान लागण्यापूर्वी एकदा हेच मोजावे आणि आकडा वुजूखान्याच्या दारावर लिहावा. महिन्याने पुन्हा मोजून नवा आकडा त्याच्याखाली लिहावा.