ठिपका आहे, पण कोणासाठी?

१३ ऑक्टोबर १९९२ रोजी शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत सात वर्षांचा डँट्रेल डेव्हिस आईबरोबर शाळेत निघाला असताना गोळी लागून मेला. शहर हादरलं. काहीतरी केलं पाहिजे, असं जो तो म्हणू लागला. पण कुठे आणि कोणी, हे कोणी सांगेना.

डॅनियल बॅसिल यांनी हा प्रश्न शब्दशः घेतला. माँटगोमेरी वॉर्ड कंपनीत नोकरी करता करता त्यांनी याच भागातल्या मुलांच्या शिकवणीचा उपक्रम अनेक वर्षं चालवला होता. ही शिकवणी आपल्या क्लासेससारखी फी भरून लावायची नव्हे. ऑफिस सुटल्यावर एखादा स्वयंसेवक येतो, एकाच मुलाबरोबर बसतो, गणित घेतो आणि जमलं तर वर्षानुवर्षं त्याची साथ धरतो. १९९३ मध्ये बॅसिल यांनी ट्यूटर-मेंटर कनेक्शन सुरू केलं. शहरभरच्या अशा उपक्रमांची माहिती गोळा करायची आणि ती नकाशावर मांडायची, हे त्याचं मुख्य काम. शिकागोला हे अगदीच नवं नव्हतं म्हणा. तिथल्या हल हाउस या समाजसेवी केंद्राच्या कार्यकर्त्यांनी घरोघरच्या पाहणीवरून कुटुंबांची मिळकत आणि मूळ देश दाखवणारे रंगीत नकाशे १८९५ मध्येच छापले होते.

यादीत जे आहे तेवढंच दिसतं. जे नाही ते दिसायला नकाशा लागतो. आधी जनगणनेतल्या गरिबीच्या आकड्यांनुसार वस्त्या गडद-फिकट रंगवायच्या, त्यावर निकाल घसरलेल्या शाळा, त्यावर उपक्रमांचे ठिपके. गडद रंगात ठिपका नसेल तर उणीव उघडच आहे. खरी गंमत पुढे. ठिपके वयोगटाने गाळून पाहायचे. तिसरीच्या मुलांना वाचन शिकवणाऱ्या वर्गाचा अकरावीतल्या मुलाला काय उपयोग? शिवाय ठिपका वीस मुलांचा की दोनशेंचा, हे नकाशा आपणहून सांगत नाही. वर्ग दोन गल्ल्यांवर असला तरी मधे दुसऱ्या टोळीची हद्द असेल, तर मूल तिथे जाणार कसं?

बॅसिल यांची मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे त्याच नकाशावर त्यांनी इस्पितळं, विद्यापीठं, चर्च, कंपन्या आणि लोकप्रतिनिधींचे मतदारसंघही घातले. त्यामुळे कोणाकडे जागा मागायची आणि कोणाकडे पैसे, हे तिथेच कळतं.

नकाशा एकदा काढून भागत मात्र नाही. वर्ग बंद पडतात, जागा बदलतात, संचालक सोडून जातात. त्यामुळे दरवर्षी प्रत्येक ठिपक्यामागच्या माणसाला फोन करून विचारावं लागतं: वर्ग चालू आहे ना, आणि कितवीपर्यंतची मुलं घेता?