वजनाचा काटा आणि लोकांचा न्याय

दमणगंगेकाठच्या सिल्वासा शहरात आज दोन जगे शेजारी नांदत आहेत. एकीकडे वारली व कोकणा लोकांचे नागलीच्या भाकरीवर वाढलेले पाडे, तर दुसरीकडे तीन पाळ्यांत चालणारे कारखाने आणि त्यांच्या निमित्ताने येथे आलेली आपली मराठी कुटुंबे. पाड्यावरचा मजूर हाडकुळा दिसला की आपण हळहळतो, 'बिचाऱ्याची परिस्थिती!' मात्र वसाहतीतील एखादी गृहिणी अंगाने भरली की तीच आपण माणसे म्हणतो, 'जिभेवर ताबा नाही.' कृशता परिस्थितीची आणि स्थूलता स्वभावाची, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

१९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीराची ठेवण जन्मदात्यांशी जुळली. ज्यांच्या घरी ती वाढली, जेवली, त्यांच्याशी नव्हे. अर्थात अनुवंश एका पिढीत पालटत नाही. पालटते ते राहणीमान. रात्रपाळीने मोडलेली झोप, बैठे काम, स्वस्त तेल-साखर आणि सुटलेले चालणे यांचा भार ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसार अंगावर चढतो.

शिवाय आपला डोळाही फसवा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की पुणे परिसरातील खेड्यांतील अर्भके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगी चरबी त्या मानाने कमी नव्हती. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिकांनी स्वतःची तुलना डॉ. जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याशी केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो, तो यामुळेच. आणि 'त्याला काय धाड भरली आहे?' म्हणून त्याची तपासणी राहून जाते.

उलट स्थूल व्यक्तीच्या वाट्याला हळदीकुंकवात टोमणे, वधूपरीक्षेत नकार. त्या धास्तीने मुली उपाशी राहतात आणि प्रौढ स्त्रिया दवाखान्याची पायरी टाळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाहून अधिक, तर सुमारे १९ टक्के स्त्रियांचे प्रमाणाहून कमी आढळले. इतक्या साऱ्या जणींनी आपापले वजन हौसेने निवडले, असे कोण म्हणेल?

वजनाने रोग बळावतात, हे आम्ही नाकारीत नाही. माणसाच्या हाती काहीच नाही, असेही नव्हे. परंतु जे हाती आहे ते पुष्कळदा एकट्याच्या हाती नसून घराच्या हाती असते. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेले संपविणाऱ्या सुनेला 'जरा फिरत जा' असे सांगण्यापेक्षा, संध्याकाळचा अर्धा तास तिला स्वयंपाकघरातून मोकळीक द्यावी. मुलांना खेळावयास अंगण मिळेल असे पाहावे. आणि घरातील जाड-बारीक सर्वच प्रौढांनी रक्तदाब व रक्तातील साखर वेळोवेळी तपासून घ्यावी. नातेवाइकांनी केलेल्या वजनाच्या चर्चेपेक्षा एवढ्याने घराचे अधिक हित होईल, असे आम्हांस वाटते.