वंशावळ कोणी लिहिली, कशापायी?

घराण्याचा शोध घ्यायला निघालेला माणूस बहुधा मूळपुरुषापासून सुरुवात करतो. कुळवृत्तांत उघडतो, फांद्या-उपफांद्यांत आपण कुठे बसतो ते पाहतो आणि समाधानाने पुस्तक मिटतो. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो: ही नावे मुळात कोणी आणि कशापायी लिहून ठेवली? मराठी मुलखात पूर्वजांची नावे नुसत्या आठवणीसाठी क्वचितच कागदावर आली. कुठे वतन शाबीत करायचे होते, कुठे पिंड द्यायचा होता, कुठे सुगीनंतर चार पायली धान्य मिळवायचे होते. तो हेतू हेरला तरच वंशावळ नीट वाचता येते, आणि तिच्यात कोण नाही, का नाही, तेही उमगते.

पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेची असल्याने भाऊबंदकी पेटली की गोतसभेपुढे वंशावळ मांडावी लागे. वतन कोणी मिळवले, दुष्काळात परागंदा कोण झाले, माघारी कोण आले, हे सारे उभय पक्ष आपापल्या करीन्यात, म्हणजे लेखी हकिकतीत, लिहून देत. निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांच्या निशाण्यांसह लिहिलेला दस्तऐवज, होई. पुढे इंग्रजी अमलात 1852च्या कायद्याने इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली आणि इनामदारांना आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करणे भाग पडले. त्या निमित्ताने कैफियती आणि वंशावळी दाखल झाल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कोट्यवधी मोडी कागदांत असे साहित्य विपुल आहे. पण हे लिहिणारे होते वादी आणि प्रतिवादी. आपली शाखा थोरली दाखवणे आणि गैरसोयीची फांदी निर्वंश ठरवणे यातच त्यांचा फायदा होता.

मग हे कागद खोटेच मानायचे का? मला तसे वाटत नाही. उलट, भांडणातून आलेली वंशावळ घरात बसून कौतुकाने रचलेल्या वंशावळीपेक्षा अधिक भरवशाची असते. समोर प्रतिपक्ष उभा असे, भोवती पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहिलेले साक्षीदार असत. महजरावर पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी दिसते, बलुतेदारांच्या नावांशी त्यांच्या त्यांच्या हत्यारांची. इतक्या डोळ्यांदेखत चार पिढ्यांची थाप मारणे सोपे नव्हते. त्यामुळे वादाच्या जवळच्या पिढ्या बऱ्याच अंशी खऱ्या धराव्यात आणि त्यापलीकडे थेट सूर्यवंशाला किंवा एखाद्या ऋषीला जाऊन भिडणारी नावे प्रतिष्ठेच्या खाती जमा करावीत.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची जात निराळी. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथे यात्रेकरूच्या गावावरून आणि आडनावावरून उपाध्याय नामावळ काढतो; पूर्वी कोण आले होते ते वाचून दाखवतो आणि नव्या माणसाची नोंद करून घेतो. त्यात त्याचा यजमानावरचा हक्क असतोच, पण थोरली-धाकटी शाखा ठरवण्यात त्याला रस नसतो. शिवाय श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजीही उच्चारली जाते आणि आईच्या वडिलांची बाजूही येते. वतनाच्या कागदाने वगळलेली बाई विधीने निदान तीन पिढ्या धरून ठेवली. कोल्हापूर, सांगलीकडे आणि कर्नाटकात हेळवी हेच काम घरोघर जाऊन करतात. बैलावरून येणारा हेळवी घराण्याची नावे सांगतो, नवी पोरे चोपडीत चढवतो, धान्य घेतो आणि पुढच्या गावाला लागतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: हा वतनदारांचा आणि वरच्या जातींचा छंद झाला, ज्यांच्याकडे ना वतन ना कुळवृत्तांत, त्यांनी काय शोधायचे? आक्षेप अर्धाच खरा आहे. महारकी हेही वतनच होते आणि 1874च्या वतन कायद्याखाली कनिष्ठ गावकामगारांच्याही नोंदी झाल्या. ते वतन म्हणजे बहुतांशी वेठच होती, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी 1928 साली त्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. शोषणाच्या दप्तरातूनही नातवाला आज्याचे नाव मिळते, हे विचित्र असले तरी खरे आहे. शिवाय जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक, जुन्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर यांत सगळ्याच जाती आहेत. 2023 साली मराठा आरक्षणाच्या मागणीपायी न्यायमूर्ती शिंदे समितीने जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कारण पुन्हा हक्काचेच.

केवळ आडनावाच्या दोरीने मागे जाणाऱ्याची मात्र फसगत ठरलेली. एकाच घराण्यातला पाटीलकी सांभाळणारा पाटील झाला, गाव सोडून गेलेला त्या गावाचा ‘कर’ झाला. कोकणातले बेने इस्राएल पेणकर, रोहेकर म्हणवतात; तिथे आडनाव गाव सांगते, धर्म किंवा जात नव्हे. गोव्यात तर पोर्तुगीज अमलात देवच स्थलांतरित झाले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला. अशा घराण्यांनी कुलदैवताच्या आजच्या देवळापाशी न थांबता त्याचे जुने ठिकाण विचारावे.

कागद शोधायला कचेऱ्या आहेत, मोडी शिकता येते. ती कामे पुढच्या वर्षी केली तरी चालतील. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे गाव आणि आजोळची माणसे एवढे मात्र या आठवड्यातच विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.