घराची रंगरंगोटी दोघांनी करावी

दसरा महिन्यावर आला की तालुक्याच्या बाजारात चुन्याची पोती, निळीच्या पुड्या आणि नवे कुंचले दिसू लागतात. पुढे दिवाळीत पारावर बसून घरधनी सांगतो, "यंदा आम्ही घर रंगवलं." त्या 'आम्ही'मध्ये कोणी काय केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. कृषी विस्ताराच्या कामानिमित्त मी पंचवीसएक वर्षे घरोघरी हिंडतो आहे. बहुतेक घरांत हिशेब असा निघतो : धन्याने बाजारातून चुना आणला, फार तर रंगाऱ्याशी भाव ठरवला. माळ्यावरची भांडी उतरवणे, कणगी-डबे हलवणे, जळमटे काढणे, पोपडे खरवडणे, भेगा लिंपणे, रंगाऱ्याचा चहा आणि जेवण, शेवटी जमिनीवरचे चुन्याचे डाग घासून काढणे आणि सगळा संसार पुन्हा जागच्या जागी लावणे, हे सारे कारभारणीने केले. आणि केव्हा? तर ऐन सुगीत. सोयाबीनची मळणी, भाताची कापणी, कापसाची पहिली वेचणी याच पंधरा-वीस दिवसांत येते. दिवसभर विळा आणि रात्री कंदील किंवा बल्ब धरून पोतारा, असे करणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत.

केंद्र सरकारने २०१९ साली देशभर घरोघरी जाऊन माणसांच्या वेळेची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, म्हणजे पाच तासांना एकच मिनिट कमी. पुरुषांची ९७ मिनिटे. ही ९७ मिनिटेही जे पुरुष अशा कामाला हात लावतात त्यांचीच. आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले. सणाच्या तोंडावरचा रंगाचा आणि आवराआवरीचा बोजा या पाच तासांवर आणखी चढतो.

आता दोघांनी मिळून हे काम केले तर ते कसे होते, हे मला वांद्र्याला जवळून पाहायला मिळाले. वांद्रे म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे सिनेनटांचे बंगले आणि समुद्रावरचा पूल उभा राहील. पण पाली, चुईम, रानवर, शेर्ली, राजन, चिंबई ही वांद्र्याच्या पोटातली मूळची गावेच आहेत. तिथे भात पिकवणारे मराठी बोलणारे ख्रिस्ती, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात ते, आणि कोळी राहत आले. त्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, पण ऑक्टोबरात आगेरा नावाचा सुगीचा सण ते अजून करतात आणि नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. रानवरच्या गल्लीत बाहेरून लाकडी जिना, पुढे ओटी आणि वर मंगलोरी कौले अशी थोडी घरे अजून तग धरून आहेत. ती पाहताना मला आपल्या कोकणातल्या एखाद्या वाडीत आल्यासारखेच वाटले.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा वांद्रे पूर्वेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. तो आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात. घरमालकाने रंगाचे सामान दिले आणि मजुरी तुमची म्हणाला. मजुरीचा आकडा ऐकून दोघांनी जोडून आलेल्या सुट्टीत स्वतःच ब्रश हातात घ्यायचे ठरवले. त्याच सुमारास माझे तिकडे जाणे झाले. माझी बहीणही गावाहून आलेली होती.

आदल्या रात्री दोघे वही घेऊन बसले. त्यांनी नुसती रंगाची कामे लिहिली नाहीत. मुलाची आंघोळ, दोन वेळचा स्वयंपाक, भांडी, पाणी भरणे हेही त्याच यादीत लिहिले आणि मग वाटून घेतले. मला हे फार महत्त्वाचे वाटले. आपल्याकडे एखादा हौशी घरधनी कुंचला घेऊन भिंतीला उभा राहतोही. पण त्या दिवशी भाकरी, चहा, धुणे, पोरे हे सगळे चालूच असते आणि ते एकीकडेच असते. असे काम वाटले गेले असे मी म्हणणार नाही.

सकाळी बघतो तो सूनबाई शिडीवर आणि भाचा खाली फरशी पुसतो आहे. माझ्या बहिणीचा चेहरा उतरला. ती मला हळूच म्हणाली, "दादा, पोराला फडकं दिलंय हातात, आणि ही बघ कुठं चढलीय!" सूनबाईने वरूनच ऐकले. ती म्हणाली, "आई, त्यांना उंचावर गरगरतं. मला नाही गरगरत." त्यावर बोलायला काही उरले नाही. दुपारी भाच्याने खिचडी लावली. मीठ जरा कमी पडले होते, पण कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी माझी बहीण आपण होऊन दाराच्या चौकटीला काचकागद घासत बसली होती.

काही वाचक म्हणतील, मुंबईची गोष्ट वेगळी, गावात हे शोभणार नाही. पण कोणते काम पुरुषाला शोभते आणि कोणते बाईला, हे कामावरून ठरते असे मला दिसत नाही. डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहायचा, तो सुवासिनींनी. पिढ्यान् पिढ्या ते बायकांचे काम होते. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे कागदावर उतरली, शहरात विकली जाऊ लागली आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर पोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. फार मोठा कलावंत. त्यांच्यामागोमाग अनेक वारली पुरुषांनी काडी हातात घेतली आणि तिला कोणी बायकी काम म्हटले नाही, कारण तिला मोल आले होते. चिंबईसारख्या कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेआधी त्यांना रंग चढतो. होडी रंगवताना कोळ्याला कमीपणा वाटत नाही. मग घराची भिंत रंगवतानाच का वाटावा?

आपल्या शेतातच पाहा ना. मोसंबी-संत्र्याच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण करताना एका भांड्यात मोरचूद, दुसऱ्यात चुना विरघळवतात, आणि दोन्ही धारा एकदम तिसऱ्या भांड्यात सोडतात. हे काम एकट्याला धड जमत नाही. नवरा-बायको समोरासमोर उभे राहून ते करतात आणि त्यात कोणाला संकोच होत नाही. चुना तोच, माणसे तीच.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आधी माप काढावे. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच असेल तर चारी भिंतींची लांबी ४४ फूट, तिला ९ ने गुणले की ३९६ चौरस फूट. त्यातून दारे-खिडक्यांचे वजा करावे. हा हिशेब शाळेत जाणाऱ्या मुलीकडून करून घ्यावा आणि तो कागद दुकानात न्यावा. अंदाजाने आणलेला रंग एक तर उरतो, नाही तर शेवटच्या भिंतीला अपुरा पडतो.

चुन्याची सफेदी अजूनही सर्वांत स्वस्त. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण ५ लिटर पाणी लागते. पिंपात आधी पाणी घ्यावे आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा. तो उकळतो, उडतो; म्हणून प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी पिंप किंवा घमेले हवे, आणि मुलांना लांब ठेवावे. चुना २४ तास मुरू द्यावा आणि जाड्याभरड्या फडक्यातून गाळावा. दर १० लिटर निवळीला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घातला म्हणजे भिंतीला टेकल्यावर कपड्याला पांढरे लागत नाही. नीळ किलोभर चुन्याला ३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, नाही तर भिंत निळसर दिसते. कुंचला आधी वरून खाली, मग खालून वर, नंतर उजवीकडून आणि डावीकडून, असा ओल वाळण्यापूर्वी फिरवावा. जुन्या ऑइलपेंटवर किंवा डिस्टेंपरवर चुना धरत नाही, त्याचे पोपडे सुटतात. तिथे खरवडण्याचे काम आधी आले. मातीच्या भिंतींना पांढरी माती आणि गेरूच बरा. त्या घराला वरून सिमेंटचा गिलावा करून चकचकीत रंग देण्याची नवी हौस मला पसंत नाही. आत ओल कोंडते आणि माती सुटते.

चुना डोळ्यात गेला तर तो डोळा जाऊ शकतो, हे गांभीर्याने घ्यावे. भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. तूप, दूध असले काही घालू नये. फवारणीच्या वेळचा चष्मा आणि रबरी मोजे इथेही वापरावेत. हल्ली पाठीवरच्या फवारणी पंपाने चुना मारतात. काम झपाट्याने होते खरे. पण ज्या पंपात तणनाशक किंवा कीटकनाशक भरले तो घरात आणू नये. धुतलेला असला तरी नको.

शिडीखाली एक माणूस हवाच. इथेच दोघांची खरी गरज लागते. बाई एकटीच घरात असताना डब्यावर डबा ठेवून, त्यावर चढून वरचा कोपरा सारवते, आणि पडून कंबर दुखावून घेते, अशा हकिकती प्रत्येक गावात ऐकू येतात.

जुना ऑइलपेंट कोरडा खरवडू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे फार असे. नव्या घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्याआधीचा रंग आपल्या दारा-खिडक्यांवर अजून आहेच. तो पाणी मारून, ओला ठेवून घासावा, तोंडाला फडके बांधावे आणि पडलेला चुरा गोळा करून बांधून टाकावा. गरोदर बाई आणि लहान मुले या कामापासून लांबच ठेवावीत. हा भाग पुरुषानेच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगाचे रिकामे डबे गोठ्याजवळ टाकू नयेत. वासरे ते चाटतात आणि शिशाची विषबाधा होऊन दगावतात. त्या डब्यात जनावरांना पाणी पाजणे तर नकोच.

खोली रिकामी झालीच आहे तर धान्याच्या खोलीतल्या भेगा आणि उंदरांची बिळे याच वेळी बुजवावीत. नवे धान्य येण्यापूर्वी अशी संधी पुन्हा मिळत नाही. उरलेला चुना गोठ्याच्या भिंतींना लावावा.

राहता राहिला रंग निवडण्याचा प्रश्न. दुकानातले रंगांचे पुस्तक बहुतेक घरांत पुरुषच चाळतो. ज्या स्वयंपाकघरात तो दिवसातून दोनदा जेवायला बसतो तिथला रंग, तिथेच दिवस घालवणाऱ्या बाईला न विचारता ठरतो. मग धुराने आठ दिवसांत काळी पडणारी फिकी भिंत तिच्या वाट्याला येते. वांद्र्याच्या त्या खोलीत चुलीमागच्या भिंतीला धुता येईल असा गडद रंग सूनबाईने निवडला होता. भाच्याला तो आवडला नव्हता, हे त्याने मला खाजगीत सांगितले. पण भिंत रंगवली ती त्यानेच.

रंग झाला की पुष्कळ जण दारावर नाव लिहून घेतात. ते नाव बहुधा एकट्या धन्याचे असते. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असे राज्याच्या ग्रामविकास विभागाने २००३ सालीच कळवलेले आहे. तरी कित्येक घरांत ती झालेली नाही. आपल्या घराची नोंद कशी आहे, हे उतारा काढून पाहावे. पत्नीचे नाव नसेल तर घरधन्याने तसा अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा, पोच घ्यावी आणि नोंद झाल्यावर नवा उतारा मागून तो घरच्या कागदपत्रांत ठेवावा. पाटीवाल्याला नावे सांगताना तो उतारा हाताशी असला म्हणजे झाले.